वह्या वाटून झाल्या, आता पुढं काय?

पत्र

नमस्कार ताई,
आम्ही कोल्हापूरचे. बाबांची छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, होती, ती आता दादा बघतो. बाबा गेल्यावर आम्ही दोघांनी त्यांच्या नावानं ट्रस्ट केला. दर जूनला आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत वह्या-दप्तरं वाटतो. दोन शाळांना कॉम्प्युटर दिले होते, त्यातले बरेचसे आता बंद पडलेत. यावर्षी बाबांची एक जागा विकली, त्यातले साठ लाख ट्रस्टला द्यायचं ठरलंय. दादा म्हणतो गावात हॉल बांधू, बाबांचं नाव राहील. पुण्यातला भाचा म्हणतो, आत्या, काहीतरी इनोव्हेशनला दे, त्याचे मित्र शाळांसाठी ॲप बनवतायत. मला वाटतं टिकेल असं काहीतरी व्हावं, पण नवीन गोष्टीत पैसे बुडाले तर बाबांच्या कष्टाचे पैसे घालवले असं मनाला लागेल. मुलगा अमेरिकेत असतो, तोही थोडे घालतो म्हणतोय. खरं सांगा, साठ लाखांत काही बदलतं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. साठ लाखांत एका तालुक्यातल्या शाळासुद्धा सुधारणार नाहीत, ते काम सरकारच्या बजेटचं आहे आणि तिथं तुम्ही आम्ही कितीही ओतलं तरी ते दिसणारही नाही. पण साठ लाखांत एखादी गोष्ट करून बघता येते, म्हणजे ती चालते की नाही हे नीट, मोजून, कागदावर सिद्ध करता येतं, आणि एकदा ते झालं की ती गोष्ट पुढं नेणारे दुसरे असतात. दानाच्या पैशाचं खरं काम मला हेच वाटतं. हा एकच पैसा असा आहे जो थांबू शकतो आणि फसलं तरी सोसू शकतो. सरकारी अधिकाऱ्याला कराचा पैसा न तपासलेल्या कल्पनेवर लावता येत नाही, उद्या ऑडिटवाला विचारतो, परवा विधानसभेत प्रश्न येतो. कंपनीला गरीब गिऱ्हाईकात नफा दिसत नाही म्हणून ती येतच नाही. मधे जी मोकळी जागा उरते तिथं फक्त देणगी पोचते, आणि आपण नेमका तोच पैसा वह्यांवर आणि फरशीवर घालतो.

वह्यांबद्दल वाईट वाटून घेऊ नका हं. जूनमध्ये दोन-तीन पोरांचं दप्तर वह्या एकदम घेताना घरात काय होतं ते मला माहितीय, ती मदत खरी आहे, ती चालू ठेवा. फक्त त्यातून शाळा बदलेल ही अपेक्षा त्यावर टाकू नका.

आता मी गडचिरोलीची गोष्ट जरा सविस्तर सांगणारे. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं नाव तुम्ही ऐकलेलंच असणार, आपल्याकडं सगळ्यांनी ऐकलंय, पण त्या कामात पैसा नेमका कशावर खर्च झाला हे फारसं कुणी सांगत नाही, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं तेच आहे.

ऐंशीच्या दशकात त्यांनी तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावात जन्मलेली बाळं पहिल्या महिन्यातच दगावायची. हजार जिवंत जन्मलेल्या बाळांमागं साठच्या वर मृत्यू. तेव्हाचं डॉक्टरी शहाणपण असं की नवजात बाळ आजारी पडलं तर दवाखान्यातच न्यायला हवं, घरी काही होऊ शकत नाही. पण दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरलेले, आणि बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही ही पद्धत, म्हणजे बाळ तिथंच जायचं. तर यांनी विचार केला की गावातल्याच पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बाईला शिकवायचं, तिला आरोग्यदूत म्हणायचं, तिनं बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, बाळ रडत नसेल तर श्वास द्यायचा, ऊब कशी ठेवायची, अंगावर कसं पाजायचं हे आईला दाखवायचं, आणि जंतुसंसर्गाची खूण दिसली तर घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. गावातली कमी शिकलेली बाई, एक-दोन किलोचं बाळ, आणि इंजेक्शन! कुठल्या सरकारी फाइलवर याला मंजुरी मिळाली असती सांगा.

आणि त्यांनी लगेच काम सुरूही केलं नाही, हे लक्षात घ्या. ३९ गावांत हे करायचं आणि ४७ गावांत करायचं नाही, म्हणजे तुलना करता येईल, असं ठरलं. १९९३ पासून आधी नुसती मोजणी, कुठल्या घरात जन्म झाला, कुठलं बाळ गेलं, कशानं गेलं. १९९५ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं, एकेक कौशल्य शिकवत, टप्प्याटप्प्यानं. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानानं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात तो पेपर आला. एका बाळामागचा खर्च पाच डॉलरच्या थोडा वर.

या कामाला फोर्ड फाउंडेशन आणि मॅकार्थर फाउंडेशनचे पैसे होते. आणि ते पैसे कशात गेले? पगारात. शिकवण्यात. गावोगाव फिरून जन्म-मृत्यू लिहिणाऱ्या माणसांत. ज्या गावांत काहीच करायचं नाही तिथं फक्त मोजत राहण्यात, वर्षानुवर्षं. कुठल्याही देणगीदाराला फोटो काढावासा वाटणार नाही असा हा खर्च आहे, आणि नेमका त्याच खर्चामुळं पुढचं सगळं घडलं, कारण 'आमच्या गावात बाळं वाचतात' असं नुसतं सांगून दिल्लीत कुणी ऐकत नाही. आकडे होते म्हणून ऐकलं. मग महाराष्ट्रात इतर सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी हे करून बघितलं, कारण पुढचा प्रश्न साहजिक होता, बंग डॉक्टर नसतील तिथं पण चालतं का? चाललं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरी भेट देऊन बाळाची काळजी घ्या असं जाहीर सांगितलं, आणि २०११ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं ते आशाताईंच्या कामात घातलं. आज आशा बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते ना, ते तिथून आलंय.

मोजणी सुरू झाली १९९३ ला आणि देशभर धोरण झालं २०११ ला. अठरा वर्षं. मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, पण 'टिकणारं' हा शब्द तुम्ही पत्रात लिहिलात म्हणून सांगते की तो शब्द एवढा मोठा आहे. आणि वाटेत काही सुटतंही. सरकारनं हे उचललं तेव्हा इंजेक्शनचा भाग आशांकडं दिला नाही, त्या बाळ बघतात, वजन करतात, धोका ओळखून पुढं पाठवतात. मला याची हळहळ वाटते, कारण गडचिरोलीत तो भाग मोठ्या कामाचा होता. मोठ्या प्रमाणावर जाताना मूळ गोष्ट थोडी पातळ होते हे धरून चालायला लागतं, आणि जो पैसे देतो त्यानं ते पण बघत राहायला हवं, धोरण झालं म्हणजे संपलं असं नाही.

आता भाच्याच्या ॲपबद्दल. मी ॲपच्या विरोधात नाही, पण इनोव्हेशन म्हणजे मशीन किंवा मोबाईल असा जो समज झालाय तो मला खरंच त्रास देतो. त्याच गडचिरोलीत न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजायला लागायचे, मिनिटाला किती ते, आणि गावातल्या दायांना तेवढी मोजणी येत नव्हती. दहापर्यंत येत होती. तर एक लाकडी फळी, त्यावर मणी, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचली की औषध सुरू. एवढंच. हे मला आजवर बघितलेल्या सगळ्यात हुशार शोधांपैकी वाटतं, कारण त्या बाईला काय येतं इथून ते सुरू झालं, तिला काय येत नाही तिथून नाही.

याच्या उलटंही झालंय. दक्षिण आफ्रिकेत आणि शेजारच्या देशांत 'प्लेपंप' नावाचं एक यंत्र आलं, मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्यानं जमिनीतलं पाणी वर टाकीत जायचं. दिसायला इतकं सुंदर की २००६ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या लोकांनी, तिथल्या सरकारनंसुद्धा, त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. मग कळलं की मुलं दिवसभर खेळत नाहीत. मग बायकाच ते जड चक्र हातानं फिरवायला लागल्या, बिघडलं की दुरुस्तीला गावात कुणी नाही, आणि काही ठिकाणी तर आधीचा साधा हातपंप काढून हे बसवलेलं होतं! काही वर्षांतच गुंडाळायला लागलं. पैसे देणाऱ्या केस फाउंडेशननं २०१० मध्ये हे जमलं नाही असं उघड लिहिलं, त्यांचा मला आदर वाटतो. पण मुळात त्या बायकांना आधी कुणी विचारलं असतं, की तुम्हाला पंप कसा हवाय, तर ही वेळच आली नसती.

म्हणून भाच्याच्या मित्रांना चहाला बोलवा आणि विचारा: कुठल्या शाळेत किती दिवस बसलात? मास्तर काय म्हणाले? नेट नसताना काय होतं? तुमचं ॲप न वापरणाऱ्या शाळेशी तुलना केलीय का? आणि पैसे संपल्यावर हे कोण चालवणार? पोरं चांगली असतील तर यातले निम्मे प्रश्न त्यांनी आधीच स्वतःला विचारलेले असतील, आणि मग त्यांना थोडेसे पैसे जरूर द्या, एका शाळेत वर्षभर करून बघायला. तुमचे कॉम्प्युटर का बंद पडले तेही त्यांना दाखवा, शाळेत जाऊन. बिघडल्यावर दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे हे कुणीच ठरवलेलं नसतं, बहुतेक ठिकाणी अडतं ते इथंच.

हा 'पुढं कोण चालवणार' प्रश्न मी फार धरून ठेवते. माझ्या हातून बरीच वर्षं संस्थांचे प्रपोजल आणि रिपोर्ट गेलेत आणि त्यात सगळ्यात मोघम लिहिलेलं पान हेच असतं, 'समुदाय पुढे चालवेल' एवढं एक वाक्य. खरं तर पुढं नेणारे दोन-तीनच प्रकारचे असतात. एक सरकार, जसं आशांचं झालं. दुसरा बाजार, आणि त्याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदुज्वराच्या भयंकर साथी यायच्या, १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार गेली. लस करण्यात मोठ्या कंपन्यांना रस नव्हता, गिऱ्हाईक गरीब. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले, पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून काम हातात घेतलं, आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर त्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं की किती किंमत परवडेल. उत्तर आलं, डोसाला अर्ध्या डॉलरच्या आत. मग त्या किमतीत करून देणारा शोधला, तो पुण्यात मिळाला, सीरम इन्स्टिट्यूट. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये लसीकरण सुरू झालं, पुढं त्या सगळ्या पट्ट्यात, आणि 'ए' प्रकारच्या त्या मेंदुज्वराच्या साथी जवळपास थांबल्या. किंमत आधी ठरली आणि लस नंतर, म्हणून ती लस त्या देशांना परवडेल अशा किमतीत मिळाली.

तिसरे म्हणजे लोक स्वतः, आणि ते कोल्हापूरकरांना मी काय सांगायचं. शाहू महाराजांनी १९०१ पासून शहरात बोर्डिंगं उभी केली, जागा दिली, अनुदान दिलं, पण ती चालवायला त्या त्या समाजातली माणसं पुढं केली. खेड्यातून आलेला मुलगा शहरात कुठं राहणार, हा प्रश्न इतका साधा होता, आणि तो सोडवल्यामुळं किती घरांत पहिला शिकलेला माणूस झाला. तुमच्या ओळखीतही अशी घरं असतील.

आता तुमच्या साठ लाखांकडं येते. पत्र वाचताना मला एक गोष्ट सारखी वाटत होती. तुम्ही शाळा, वह्या, हॉल, ॲप सगळं लिहिलंय, आणि जे तुमच्या घराला सगळ्यात जास्त कळतं त्याबद्दल एक ओळ नाही. फाउंड्री! तुमच्या बाबांनी आयुष्य त्यात घालवलं, दादाला आजही मोल्डिंगपासून फेटलिंगपर्यंत, म्हणजे वाळूचा साचा करण्यापासून ओतलेला भाग घासून साफ करण्यापर्यंत, सगळं माहीत, कामगार नावानं ओळखीचे, त्यांच्या घरी लग्नाला गेलेले. वाळू झटकताना आणि घासताना जी बारीक धूळ उडते त्यात सिलिका असतं, ते वर्षानुवर्षं छातीत बसतं आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. कायद्यानं नोंद करायला लागणारा आजार आहे पण बऱ्याचदा टीबी समजून टीबीचीच औषधं चालू राहतात. आणि हा आजार पूर्णपणे टाळता येतो, धूळ जिथं उठते तिथंच ओढून घेतली, शक्य तिथं वाळू ओलसर ठेवली, तर. मोठ्या कारखान्यांत त्याची सिस्टीम असते. दहा-पंधरा माणसांच्या छोट्या युनिटला ती परवडत नाही, मालक वाईट असतो असं नाही, त्याचं मार्जिनच तेवढं नसतं, हे दादा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

तर छोट्या फाउंड्रीला परवडेल अशी धूळ ओढायची सोय, हे साठ लाखांत करून बघण्यासारखं काम आहे. पाच वर्षं धरली तर वर्षाला बारा लाख. त्यात एक चांगला इंजिनिअर, एक कामगारांमध्ये वावरणारी व्यक्ती, गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मदत, धूळ मोजायचं यंत्र भाड्यानं. काही युनिटमध्ये बसवायचं, काहींमध्ये अजून नाही, आधीची आणि नंतरची धूळ दोन्हीकडं मोजायची. आजार दिसायला कित्येक वर्षं जातात म्हणून माणसं किती वाचली हे तुम्हाला पाच वर्षांत कळणार नाही, पण हवेतली धूळ किती कमी झाली हे काही महिन्यांत कळतं, तोच आकडा धरायचा. आणि पहिल्या दिवसापासून फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेला सोबत घ्यायचं, किती किमतीला ते स्वतःच्या खिशातून बसवतील हे त्यांनाच विचारायचं, त्या मेंदुज्वराच्या लसीसारखं. तो आकडा गाठता आला तर तुमचा ट्रस्ट बाजूला झाला तरी काम चालेल. कामगारांच्या बायकांशीही बोला, कुणाला धाप लागते हे त्यांना आधी कळतं. स्वतःच्या धंद्यातली धूळ अशी उघड मोजायला दादा तयार होईल का, मला कल्पना आहे की हे अवघड आहे, बाहेरचे लोक काय म्हणतील असंही वाटेल. पण सुरुवात स्वतःच्या युनिटपासून केलीत तर बाकीचे दार उघडतील, नाहीतर कुणीही उघडणार नाही.

हे नको वाटलं तर दुसरं काही निवडा, माझा हट्ट नाही. पण निवड अशीच करा की ज्या माणसांना खरं विचारता येईल आणि जी तुम्हाला तोंडावर खरं सांगतील.

संस्था निवडून तिला द्यायचं ठरवलं तर थोडं बोलते. एकाच संस्थेला पाच वर्षांचा शब्द द्या, दहा संस्थांना सहा-सहा लाख वाटू नका. पगार देताना कचरू नका, 'आमचे पैसे थेट गरिबाला गेले पाहिजेत, पगाराला नको' हे वाक्य मी इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यानं किती चांगली पोरं या कामातून निघून गेली ते पण बघितलंय, गावात सकाळी सातला पोचणारी बाई हेच ते काम असतं, तिच्या पगाराला वरखर्च म्हणायचं कसं? दहावा हिस्सा मोजण्यासाठी वेगळा ठेवा. दर महिन्याला रिपोर्ट मागू नका, वर्षातून दोनदा जाऊन दिवसभर बसा आणि विचारा की काय जमलं नाही, काय सोडून दिलं. जी संस्था म्हणते सगळं छान चाललंय तिच्याबद्दल मला काळजी वाटते. आणि थांबणार कधी ते सुरुवातीलाच सांगा, चौथ्या वर्षी पुन्हा आठवण करून द्या, अचानक हात काढून घेतला की त्यांच्याकडची माणसं रस्त्यावर येतात.

तुमच्यासारख्या घरच्या ट्रस्टला एक मोकळीक आहे जी मोठ्या कंपन्यांना नाही. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामावर, खर्च करायला लागतात, चांगला कायदा आहे, पण मार्चएंडची घाई त्यात येते, मग लवकर दिसेल ते केलं जातं. तुमच्यावर बोर्ड मीटिंगचं दडपण नाही, तुम्ही थांबू शकता. ट्रस्टलाही वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च दाखवायला लागतात हे खरं, पण ठरलेल्या कामासाठी पैसे पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येतात, वेळेत फॉर्म भरून, किंवा कॉर्पस, म्हणजे ट्रस्टचा कायमचा निधी, म्हणून लेखी देऊन वेगळं ठेवता येतं. पैसे ट्रस्टच्या खात्यात टाकायच्या आधी सीएकडं जा, नंतर नको.

पैसे बुडण्याची भीती. नवीन काम फसू शकतं, मी खोटं सांगणार नाही. पण नीट मोजलं आणि नाही चाललं, आणि ते तुम्ही लिहून चार लोकांना सांगितलं, तर पुढच्याचे पैसे आणि वर्षं वाचतात. बाबांनी पण नवीन पॅटर्न टाकताना पहिलं कास्टिंग रिजेक्ट झालेलं बघितलं असणार, त्यांना हे नव्यानं समजावून सांगायला लागलं नसतं. सगळे साठ एकदम लावू नका, पहिल्या वर्षी दहा, काय दिसतंय बघून पुढचे.

दादाच्या हॉलबद्दल. त्याला सरळ नाही म्हणू नका, वडिलांचं नाव राहावं ही इच्छा साधी आणि खरी आहे. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तेव्हा ते विद्यापीठ चार वर्षांचं होतं, बायकांचं विद्यापीठ टिकेल का याचीच लोकांना शंका होती. नाव आज शंभर वर्षांनीही रोज घेतलं जातंय कारण ते चालत्या कामाला लागलं. आणि हॉलच हवा असेल तर अँड्र्यू कार्नेगीची अट लावा. त्यानं जगभर अडीच हजारांवर लायब्ररींना पैसे दिले, पण इमारतीचे पैसे देताना नगरपालिकेकडून साधारणपणे जागा आणि दरवर्षी देणगीच्या दहा टक्के एवढा चालवायचा खर्च द्यायचं कबूल करून घ्यायचा. दादाला म्हणा, ग्रामपंचायतीकडून झाडलोट, वीजबिल, दुरुस्तीचा दरवर्षीचा खर्च ठरावात लिहून आण, मग बोलू. त्यांनी दिला तर हॉलसाठीही थोडे काढा.

मुलाचं शेवटी सांगते, कारण इथं माणसं नकळत अडकतात. त्याच्याकडं भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, तुमच्या ट्रस्टला घेता येते. पण त्यानं अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी होते, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं लागतं. २०२० च्या बदलानंतर असे पैसे एका संस्थेला दुसरीकडं देताही येत नाहीत. तसं असेल तर त्यानं तुमच्या ट्रस्टकडं पाठवूच नये, ज्या संस्थेचं काम तुम्ही निवडाल तिच्याकडं एफसीआरए आहे का बघून तिलाच थेट द्यावं. त्याला आजच फोन करून पासपोर्ट कुठला ते विचारून घ्या, पैसे आल्यावर ते परत पाठवण्याचा खटाटोप फार होतो.